मूकपटांतील मेबल

स्मरणिकेत दरवर्षी एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि मी मेबल नॉर्मंड हे नाव सुचविले, तेव्हा बैठकीत थोडी कुजबुज झाली. ना संत, ना समाजसेविका; मूकपटांत धडपडून लोकांना हसविणारी अमेरिकेतील नटी! तरी मी हट्ट सोडला नाही. तो योग्य की अयोग्य, हे भगिनींनी पुढील मजकूर वाचून ठरवावे.

मेबलचा जन्म 1892 साली न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर झाला. वडील सुतारकाम करीत. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे कोवळ्या वयातच ती चित्रकारांपुढे तासन् तास बसून चार पैसे मिळवू लागली. चार्ल्स डाना गिब्सन या नामांकित चित्रकारासाठीही ती बसली होती. तेथून ती चित्रपटांत आली व तिची गाठ मॅक सेनेट याच्याशी पडली. 1912 साली सेनेटने कीस्टोन कंपनी काढली, तेव्हा मेबल पहिल्यापासून तिच्यात होती. लवकरच ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली.

कीस्टोनचे हास्यपट म्हणजे नुसती पळापळ. दहापंधरा मिनिटांचा खेळ; त्यात पोलिसांची गर्दी, मोटारींची टक्कर, चिखलात पडणे, पाण्यात बुडणे. शब्द नाहीत, म्हणून सारे अंगाने आणि चेहऱ्याने सांगायचे. मलईची पाई तोंडावर फेकण्याची गंमत प्रथम मेबलनेच केली, असे सांगतात. पण ती आख्यायिकाच समजावी. खरे ते इतके की, ती उत्तम पोहत असे, उंचावरून पाण्यात सूर मारीत असे आणि 1913 च्या एका चित्रपटात खलपुरुषाने तिला रुळांना बांधून ठेवले होते. पडणे-झडणे पुरुषांनी करावे आणि नायिकेने बाजूला उभे राहून लाजावे, हा शिरस्ता तिने मोडला.

परंतु मला तिचे मोठेपण वाटते ते निराळ्याच कारणासाठी. 1914 साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती स्वतः दिग्दर्शन करू लागली. त्याच वर्षी इंग्लंडहून आलेला चार्ली चॅप्लिन हा नवखा नट कीस्टोनमध्ये दाखल झाला. त्याची ढगळ विजार, लहान टोपी व काठी हा जगप्रसिद्ध वेष कॅमेऱ्यापुढे प्रथम आला तो मेबलच्याच ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ या चित्रपटासाठी. पुढे ‘मेबल अॅट द व्हील’च्या वेळी दोघांचे बिनसले. एका तरुण मुलीने आपल्याला काम शिकवावे, हे चॅप्लिनला रुचेना. सेनेटला मध्ये पडावे लागले. पुढे समेट झाला आणि दोघांनी त्या वर्षात कितीतरी चित्रपट जोडीने केले. चॅप्लिनचे नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या पहिल्या दिवसांतल्या या दिग्दर्शिकेचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणींनी ऐकले होते?

सेनेटशी तिचा विवाह होणार होता, तो मोडला. तरी त्याने तिच्या नावाने स्वतंत्र कंपनी काढून दिली. तिथे बनलेला ‘मिकी’ बराच काळ पडून राहिला, पण 1918 साली पडद्यावर येताच तुफान चालला.

मग दैव फिरले. 1 फेब्रुवारी 1922 च्या संध्याकाळी ती विल्यम डेस्मंड टेलर या दिग्दर्शक स्नेह्याच्या घरून पुस्तके घेऊन निघाली आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचा खून झाला. खुनी आजतागायत सापडलेला नाही. मेबलवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. पण वर्तमानपत्रांनी तिला सोडले नाही. 1924 च्या पहिल्याच दिवशी तिच्या मोटारचालकाने तिच्या पिस्तुलाने एका गृहस्थावर गोळी झाडली. तो गृहस्थ वाचला, परंतु तिच्या नावाला पुन्हा काळिमा लागला. काही ठिकाणी तिच्या चित्रपटांवर बंदी आली. तिच्या हातून कसला गुन्हा घडला होता, हे कोणीच सांगू शकले नसते. स्त्रीचे नाव दोनदा बातमीत आले की लोक तिसऱ्यांदा विचारीत नाहीत, हे आपल्याला नवे नाही.

1926 मध्ये तिने ल्यू कोडी या नटाशी लग्न केले. पण प्रकृती ढासळत गेली आणि 23 फेब्रुवारी 1930 रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील मनरोव्हिया येथे क्षयाने तिचे निधन झाले.

तिच्या दीडशेहून अधिक चित्रपटांपैकी पुष्कळसे नष्ट झाले. त्या काळची फीत फार लवकर कुजे व पेटे. 1974 साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिच्यावर एक संगीत नाटक आले, ते सेनेटबरोबरच्या प्रेमकथेचे. दिग्दर्शिका मेबल शोधून काढली ती जुन्या मूकपटांच्या वेड्या रसिकांनी व अभ्यासकांनी. एकेक तुकडा जमवून, पुन्हापुन्हा पाहून, कुठला चित्रपट कोणाचा हे ते ठरवीत बसतात. 2009 साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत तिचा ‘मेबल्स ब्लंडर’ घेतला. दुसऱ्याच वर्षी तिने दिग्दर्शित केलेला, हरवला म्हणून समजलेला एक चित्रपट थेट न्यूझीलंडमध्ये सापडला.

मी स्वतः तिचा 1923 चा ‘द एक्स्ट्रा गर्ल’ पाहिला आहे. त्यात ती सिंहाचे सोंग घेतलेला कुत्रा समजून खऱ्याखुऱ्या सिंहाला दोरीने बांधून खुशाल चालत नेते. मागे काय आहे, याचा तिला पत्ताच नाही! मी पोट धरधरून हसले. शंभर वर्षांपूर्वीची परकी बाई, तोंडातून शब्द नाही, आणि तरी माझ्या घरात हसू पिकवून गेली.

येत्या कोजागिरीला मंडळात तिचा एखादा छोटा चित्रपट दाखवावा, अशी माझी सूचना आहे. भाषेची अडचण नाही. आणि पाहताना दिग्दर्शन कोणाचे, हे मात्र आपण मोठ्याने सांगू.