सालारजंगांचा धडा

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निजामाच्या मुलखात होते. त्या काळी या भागातील कुणब्याच्या लेखी सरकार म्हणजे सारावसुलीचा मक्ता घेतलेला तालुकदार. राज्याला पैशाची सदैव निकड. म्हणून तालुका आगाऊ रकमेवर मक्त्याने दिला जाई, आणि दुसऱ्याने अधिक बोली केली की काढूनही घेतला जाई. ज्याला आपला अंमल किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, तो विहिरीसाठी तगाई कशाला देईल? गुंतविलेला पैसा नफ्यासह उकळणे हाच त्याचा राजधर्म. तो जात्याच क्रूर असे, असे आम्ही म्हणणार नाही. उद्याच्या भयाने आजचा लोभ वाढावा, अशीच ती रचना होती.

या रचनेला हात घालणारा पुरुष म्हणजे पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान. हैदराबादचे प्रसिद्ध संग्रहालय ज्यांच्या नावे आहे, ते त्यांचे नातू. जन्म १८२९ चा. १८५३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते दिवाण झाले. त्याच वर्षी कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापायी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली करावे लागले होते. या फौजेची एक छावणी हिंगोलीसच होती. खजिना रिता, आणि कित्येक महाल अरब सरदार व सावकार यांच्याकडे गहाण, अशी राज्याची अवस्था होती.

सालारजंगांनी गहाण महाल सोडविले, मक्तेदारांच्या जागी पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जिल्ह्याच्या प्रमुखास पुढे अव्वल तालुकदार म्हणू लागले. शब्द जुनाच राहिला. परंतु पूर्वीच्या तालुकदाराचे पोट रयतेला पिळण्यावर होते, नव्याचे वेतनावर. माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या मिळकतीचा उगम बदलणे अधिक परिणामकारक, हे या दिवाणाने ओळखले होते.

तथापि त्यांच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जहागिरी आणि निजामाची खासगी सर्फेखास जमीन या व्यवस्थेबाहेरच राहिली. दिवाणांचे स्वतःचे पद एकीकडे निजामाच्या मर्जीवर आणि दुसरीकडे रेसिडेंटाच्या पाठिंब्यावर लटकत होते. अशा कात्रीत सापडलेला मनुष्य सारी सूत्रे आपल्याच हाती ठेवू पाहतो. सालारजंगही त्याला अपवाद नव्हते. १८८३ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचा अकस्मात अंत झाला. मागे उरलेल्या शिस्तबद्ध कारभारयंत्रावर रयतेचा अंकुश मुळीच नव्हता. जो येईल त्याचे ते यंत्र.

सत्ताधाऱ्याचा स्वभाव पालटण्याची वाट पाहत बसणे व्यर्थ होय. त्याचे उत्पन्न कोठून येते, त्याच्या अधिकाराची मुदत किती आणि हिशेब त्याने कोणाला द्यावयाचा, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. पहिल्या दोहोंची उत्तरे सालारजंगांनी शोधली. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यास १९४८ चे मुक्तिपर्व, १९४९ चे जहागीर-निर्मूलन आणि १९५२ ची सार्वत्रिक निवडणूक यावी लागली. आज पुसेगावच्या नागरिकाच्या हाती मत आहे. परंतु मत देऊन पुढील पाच वर्षे हिशेब मागावयाचाच नाही, असे आपण ठरविले, तर सत्तेचा मक्ता आपणच पुन्हा देऊ केला, असे होईल.