शिशाच्या शिपायांचा सेनापती

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या भाईंदरच्या सोसायटीत मातीची टंचाई सुरू होते. आवारात जिकडेतिकडे पेव्हर ब्लॉक. मग मुले वर्गणी काढून लाल मातीची पोती आणतात, मोडक्या विटा आणि दगड रचतात, चिखलात बुडवलेले गोणपाट वर पसरतात, अळीव पेरतात, आणि चारच दिवसांत किल्ल्याला हिरवळ फुटते. वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याशी विहीर आणि टोपली घेतलेली भाजीवाली. गावाच्या एका अंगाला घोडबंदरचा किल्ला, दुसऱ्या अंगाला धारावीचा. पण आमच्या मुलांचा किल्ला दरवर्षी रायगडच असतो.

एका दिवाळीत या रायगडाच्या दरवाजाशी एक विचित्र पहारेकरी दिसला. अंगठ्याएवढा, हिरव्या कातडीचा, वाकड्या नाकाचा, हातात कोयता घेतलेला राक्षस. रंगकाम इतके बारीक की कोयत्यावरचा गंजही खरा वाटावा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तिशीतल्या तरुणाने तो मुलांना उसना दिला होता. हा तरुण १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले असे शिशाचे पुतळे जमवतो. त्यांच्यावर कुणी फासलेला जुना रंग तो उतरवतो, नवे अस्तर देतो, मग डोळ्याला भिंग लावून खाचांमध्ये पातळ काळपट रंग सोडतो आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळतो. थर्माकोल कापून डोंगर करतो, त्यावर फेव्हिकॉल लावून हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा भुरभुरवतो. रविवारी मित्र येतात आणि त्या डोंगरांत फासे टाकून लढाया होतात.

त्याचे वडील काळजीत पडले होते. लग्नाच्या वयाचा मुलगा बाहुल्या रंगवत बसतो, तुम्ही बँकेत अधिकारी होतात, तुमचे ऐकेल, त्याला चार शब्द सांगा, अशी त्यांनी मला गळ घातली. मी त्याला काही सांगितले नाही. वडिलांनाच समोर बसवून एच. जी. वेल्स या माणसाची हकीकत सांगितली.

वेल्स आपल्याकडे माहीत आहे तो ‘टाइम मशीन’ आणि ‘इन्व्हिजिबल मॅन’मुळे. जमिनीवर पालथे पडून शिशाच्या शिपायांची लढाई खेळण्याचे रीतसर शास्त्र लिहिणारा माणूसही तोच, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

२१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावात त्याचा जन्म झाला. वडील जोसेफ आधी माळी, मग चिनीमातीच्या भांड्यांचे दुकानदार. दुकान कधीच धड चालले नाही. त्यांचा जीव क्रिकेटमध्ये. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. आई सेरा लग्नाआधी एका बड्या घरात मालकिणीची दासी होती. सात वर्षांचा असताना बर्टीचा, म्हणजे वेल्सचा, पाय मोडला आणि तो काही आठवडे अंथरुणाला खिळला. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत. पाय मोडला म्हणून आपण लेखक झालो, नाहीतर दुकानात थकलेला नोकर म्हणून मेलो असतो, असे वेल्स पुढे आयुष्यभर मानत आला.

या वाचनातून आणखी एक गोष्ट उगवली. बारा-तेरा वर्षांचा हा किडकिडीत पोरगा गावाबाहेरच्या टेकड्यांवर एकटाच फिरायचा. बघणाऱ्याला वाटे, मुलगा हवा खातो आहे. मुलगा प्रत्यक्षात सैन्ये हलवत असे. या उंचवट्यावर तोफा, त्या झाडीत घोडदळ, ओढ्यापलीकडे शत्रू. स्वतः अर्थात सेनापती. साठी ओलांडल्यावर आत्मचरित्र लिहिताना त्याने हे जरा लाजतच कबूल केले.

१८७७ साली वडिलांचे मांडीचे हाड मोडले आणि क्रिकेटची मिळकत गेली. आई पुन्हा त्याच बड्या घरी, अपपार्कला, कारभारीण म्हणून नोकरीला गेली. मुलाला विंडसरच्या कापडदुकानात उमेदवारीला लावले. तिथे त्याला गल्ल्यावर बसवले. रोजचा हिशेब काही जुळेना. आलेल्या पैशात आणि नोंदीत रोज फरक. चोरी करण्याइतकीही त्याला गल्ल्यात गोडी नव्हती. तो डेस्कखाली पुस्तक धरून वाचत असे. शेवटी त्याला काढून टाकले. मी उभी हयात रोकड जुळवण्यात घालवली आहे, आणि संध्याकाळी फरक निघाला की पोटात कसा गोळा येतो हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दुकानदाराने एका फार वाईट रोखपालाला वेळीच घालवले याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पुढे साउथसीच्या दुसऱ्या कापडदुकानात दोन वर्षे. दिवसाला तेरा तास उभे राहायचे, रात्री नोकरांच्या सामाईक खोलीत झोपायचे. एका रविवारी सकाळी तो न खातापिता निघाला आणि सतरा मैल चालत अपपार्कला आईपुढे जाऊन उभा राहिला. ही उमेदवारी तोडा, नाहीतर मी जीव देईन, असे त्याने तिला सांगितले. आईने भरलेली अनामत बुडाली, पण सुटका झाली. मिडहर्स्टच्या शाळेत शिकवता शिकवता शिकणे, १८८४ मध्ये लंडनच्या विज्ञान महाविद्यालयाची शिष्यवृत्ती आणि तिथे टी. एच. हक्स्लींकडे जीवशास्त्र. वेल्समधल्या एका शाळेत मास्तर असताना फुटबॉलमध्ये मूत्रपिंडाला मार बसला. मास्तरकी झेपेना म्हणून लेखणी जवळ केली. १८९५ ते १८९८ या चार वर्षांत ‘टाइम मशीन’, ‘डॉक्टर मोरो’, ‘इन्व्हिजिबल मॅन’ आणि ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. कापडदुकानातला पोरगा जगप्रसिद्ध झाला. सँडगेटला समुद्रकाठी त्याने घर बांधले, आणि १९०१ मध्ये जिप आणि १९०३ मध्ये फ्रँक अशी दोन मुले झाली.

आता आपल्या शिपायांकडे येऊ. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या लंडनच्या कारखान्याने शिशाचे शिपाई आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. शिसे कमी लागले, किंमत उतरली, आणि जेमतेम दोन इंचांचे हे रंगवलेले शिपाई इंग्लंडमधल्या घराघरांत पोचले. याच कारखान्याची स्प्रिंगची एक तोफ होती. तिच्यातून इंचभर लांबीचा लाकडी दांडा नेमका उडत असे. जेवायला आलेल्या एका मित्राने ही तोफ उचलली, नेम धरला आणि टेबलावरचा शिपाई पाडला. वेल्सने या मित्राची नुसती आद्याक्षरे दिली आहेत, जे. के. जे.; नावेतल्या तिघांची विनोदी सफर लिहिणारा जेरोम के. जेरोम तो हाच, असे सारे मानतात. पुढचे सांगायला नको. दोन नामवंत लेखक लाकडी तोफगोळ्यांनी एकमेकांचे शिपाई पाडत बसले.

नुसती नेमबाजी लवकर कंटाळवाणी झाली. मग ज्ञानकोशाचे खंड जमिनीवर ठेवून टेकड्या झाल्या. खडूने नद्या काढल्या. फळ्यांना भोके पाडून बागेतल्या डहाळ्या रोवल्या, अरण्य झाले. ठोकळ्यांची आणि पुठ्ठ्याची घरे उभी राहिली. मधोमध पडदा टांगून दोघांनी आपापले सैन्य गुपचूप मांडायचे, मग पडदा काढायचा. पायदळ एका खेपेला एक फूट, घोडदळ दोन फूट. त्यासाठी दोरीचे मोजलेले तुकडे. तोफेजवळ निदान चार माणसे असली तरच ती डागायची. चाल करायला घड्याळ लावून वेळ. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात लढून आलेल्या एका कॅप्टननेही नियमांत भर घातली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर फासे पडतात. वेल्सकडे फासा नव्हता. तोफेचा नेम लागला तर शिपाई पडला, एवढेच.

१९११ साली ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ ही दोन छोटी पुस्तके निघाली. पहिल्यात युद्ध कमी, बेटे आणि नगरे जास्त. त्यातली एक तक्रार मला फार आवडते. दुकानात जावे तर जिकडेतिकडे शिपाईच. पोस्टमन, वाणी, हमाल अशी साधी माणसे खेळण्यांत मिळत नाहीत, मग नगर वसवायचे कसे? आमच्या रायगडाची भाजीवाली त्याला दाखवायला हवी होती.

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी मात्र हसता हसता वेल्स गंभीर होतो. तीन-चार वेळा हा खेळ खेळलेल्या कुणालाही खरे युद्ध किती आंधळे आणि गचाळ असते ते कळेल, असे तो म्हणतो. दोन इंची सैन्यही माणसाला नीट हलवता येत नाही, मग खऱ्या फौजांचे काय? युद्धाची खुमखुमी असलेले राजे आणि सेनापती यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, हवी तेवढी छोटी घरे, झाडे आणि शिपाई द्यावेत आणि बाकीच्यांना सुखाने जगू द्यावे, अशी त्याची सूचना. ‘वॉर इन द एअर’मध्ये १९०८ सालीच विमानांनी जाळलेली शहरे दाखवणाऱ्या माणसाची ही सूचना आहे.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटन युद्धात उतरले. त्याच दिवशी वेल्सला रिबेका वेस्ट या तरुण लेखिकेपासून मुलगा झाला. घरी पत्नी जेन होती, आणि तिला हे ठाऊक होते. माणूस म्हणून वेल्सचे हे वागणे मला पटत नाही; जेनच्या सोशिकपणाचे गोडवे गाऊन ते झाकावे असेही वाटत नाही. आणि त्याच दिवसांत जमिनीवरचा हा शांततावादी सेनापती लेखणी घेऊन युद्धाच्या बाजूने उभा राहिला. हे युद्ध युद्धांचाच शेवट करील, असे त्याने लिहिले. ते वाक्य जगभर झाले, आणि नंतर त्याच्याच गळ्यात धोंड्यासारखे अडकले.

इथे वडील मला थांबवून म्हणाले, म्हणजे खेळून काही शिकला नाहीच ना? प्रश्न रास्त होता. खेळ त्याला थांबवू शकला नाही. त्याची मुले तेव्हा तेरा आणि दहा वर्षांची, म्हणून सैन्यात गेली नाहीत. पण घरोघरचे मोठे मुलगे जात होते आणि तारा येत होत्या. १९१६ साली त्याने ‘मिस्टर ब्रिटलिंग’ ही कादंबरी लिहिली. युद्धाबद्दल हिरिरीने बोलणाऱ्या लेखकाचा मुलगा आघाडीवर मारला जातो. घरात पूर्वी शिकवायला राहिलेला जर्मन तरुणही तिकडे मेलेला असतो. शेवटी हा बाप रात्रभर बसून त्या जर्मन मुलाच्या आईबापांना पत्र लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. माझ्या मते वेल्सची सारी भाकिते एकीकडे आणि ही रात्र एकीकडे.

युद्धानंतर त्याने एकट्याने सबंध जगाचा इतिहास लिहायला घेतला. त्यात नेपोलियनची त्याने पार रया घालवली, आणि सम्राटांच्या गर्दीत सर्वांत उंच जागा दिली ती आपल्या अशोकाला. शालेय भाषणांतून हा गौरव आपण शंभरदा ऐकलेला असतो. जिंकल्यावर युद्ध सोडून देणारा राजा वेल्सला का भावला असेल, हे लहानपणापासून त्याच्या मागे मागे आल्यावर कळते.

जिप प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि बापाबरोबर विज्ञानाचा मोठा ग्रंथ लिहिला. फ्रँक चित्रपटात गेला. १९३६ साली वेल्सच्या कथेवर ‘थिंग्ज टू कम’ चित्रपट निघाला. बाँबने उद्ध्वस्त झालेले शहर आणि भविष्यातले नगर उभे करायला त्यात छोट्या प्रतिकृतीच वापरल्या होत्या. चार वर्षांनी खरे बाँब पडू लागले तेव्हा सत्तरी ओलांडलेला मधुमेही वेल्स लंडनमधले घर सोडून गेला नाही. १९१४च्या एका कादंबरीत त्याने अणुबाँब हे नाव वापरले होते. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी वाचायला तो जिवंत होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी तो गेला.

त्याचा खेळ मात्र चालू राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी अशाच छोट्या सैन्यांच्या लढायांचे नियम छापले आणि पुरवणीत राक्षस आणि मांत्रिक आणले. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आले, १९८३ मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’, आणि शिशाचे राक्षस हजारोंनी ओतले जाऊ लागले. ‘लिटल वॉर्स’च्या २००४च्या आवृत्तीला प्रस्तावना गायगॅक्सनेच लिहिली.

हकीकत संपली तेव्हा वडील गप्प होते. जाताना त्यांनी विचारले, की त्या शिशाचा हाताला काही अपाय होत नाही ना. रंगवून झाल्यावर हात साबणाने धुवायला सांगा, मी म्हटले. पुढच्या रविवारी ते स्वतःच बिगाऱ्याकडून गोणीभर बारीक वाळू घेऊन जिन्यात दिसले. थर्माकोलच्या डोंगरांना म्हणे पायथा चांगला दिसत नव्हता.