मेस, पुडिंग आणि पंडिता रमाबाई

आमच्या कोल्हारला भगवतीमातेचं देऊळ आहे, प्रवरेवरचा पूल आहे आणि नगर-मनमाड रस्त्यावरची कधीच न संपणारी ट्रकांची रांग आहे. त्याच रस्त्याने नगरकडे निघालं की राहुरी लागते. तिथे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक राहिले होते. दुसऱ्या अंगाला श्रीरामपूरजवळ हरेगाव, जिथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. त्यामुळे मिशन हा शब्द आमच्या पट्ट्यात कुणाला नवीन नाही. मी स्वतः दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं, रांग मोडायची नाही. इथे होस्टेलवर आल्यावर रेक्टर मॅडमच्या नियमांनी ज्यांचे डोळे पाणावले, त्यांच्यात मी नव्हते!

पण मिशनच्या शिस्तीत राहून शिकायचं, तेही परमुलखात, पंचविसाव्या वर्षी, दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन... हे करणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची ओळख आपल्याला पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींची. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांसाठी कार्य, दोन मार्कांचा प्रश्न संपला. मला मात्र त्यांची विद्यार्थिदशा वाचताना जास्त मजा आली, आणि थोडा धक्काही बसला.

आधी मागचं थोडक्यात सांगते. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. मागे उरली छोटी मनोरमा. इतकं सोसून बाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हवेत असं ठासून मांडलं.

मग स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८८३ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे हाताशी धरून त्या इंग्लंडला निघाल्या. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. मुक्काम वांटेज या छोट्या बाजारगावात, सेंट मेरीच्या सिस्टर्सच्या मठात. याच संस्थेच्या सिस्टर्स पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करत होत्या, तिथली ओळख उपयोगी पडली. व्यवहार मात्र रोखठोक होता. सिस्टर्सनी रमाबाईंना इंग्रजी शिकवायचं आणि रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी. फुकटचं खायचं नाही, हा बाईंचा बाणा. म्हणजे एकाच इमारतीत एका तासाला विद्यार्थिनी आणि पुढच्या तासाला मास्तरीण!

पहिल्याच वर्षात दोन आघात झाले. ऐकू कमी येत होतं ते वाढत गेलं आणि डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच संपलं. (लेक्चर ऐकू येत नसताना शिकणं म्हणजे काय, हे शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनी थोडा विचार करून पाहावं.) दुसरा आघात त्याहून भयंकर. बरोबर आलेल्या आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात आपल्या भाषेत बोलायला मोठं माणूस उरलं नाही.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, तर जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बाई एकट्या पडल्या, घाबरल्या, म्हणून धर्म बदलला, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं एक घर दाखवलं होतं. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने ठेवून काम शिकवत. असं काही त्यांनी आपल्याकडे पाहिलेलं नव्हतं. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, यांच्याशीही पत्रातून वाद चालू होता. घाबरलेलं माणूस इतका वाद घालत बसत नाही.

आणि खरी गंमत बाप्तिस्म्यानंतर सुरू होते. सिस्टर्सना वाटलं असणार, आता विद्यार्थिनी आपली झाली. झालं उलटंच.

पहिली लढाई जेवणाच्या टेबलावर. रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारलं. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, त्यांना ही जुन्या जातीची ताठ्याची खूण वाटली. रमाबाईंचं म्हणणं असं की ताटात काय घ्यायचं आणि मनात कोणाला भजायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मेसमध्ये व्हेज-नॉनव्हेज टेबलावरून जे होतं ते यापुढे किरकोळच म्हणायचं. याच्या पुढची कडी पुण्यात घडली. १८९० मध्ये त्याच पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी रानडे, टिळक वगैरे मंडळींना बोलावलं, समोर चहा ठेवला आणि कोणकोण तिथे होतं त्यांची नावं पेपरात जाहीर केली. त्यावरून ग्रामण्य आणि प्रायश्चित्त झालं. पुण्यात मिशनचा चहा घेतला म्हणून धर्म बुडाला आणि वांटेजला पुडिंग नाकारलं म्हणून धर्म कच्चा ठरला! बिचाऱ्या अन्नाने करायचं काय?

दुसरी लढाई क्रॉसवरून. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशासाठी? देवाचं नाव लिहायला संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल होता. कलकत्त्याच्या पंडितांपुढे संस्कृतात बोललेली बाई, ती न कळणारी लॅटिन गळ्यात का बांधून घेईल?

१८८४ मध्ये त्या चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. गणित, शास्त्र, इंग्रजी शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. मनोरमा वांटेजलाच सिस्टर्सकडे राहिली. कॉलेजच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील मोठ्या मनाच्या होत्या. विद्यार्थिनीला शंका येणारच, हे त्यांना मान्य होतं. रमाबाईंना तर शंकाच शंका. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? शास्त्रात नाही ते चर्चने ठरवलं म्हणून का मानायचं? ही पत्रं वाचताना मला व्हायव्हा आठवते. फरक इतकाच की इथे प्रश्न विद्यार्थिनी विचारते आणि घाम एक्झामिनरला फुटतो.

पुढे प्रश्न आला की रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं का. हिंदुस्थानातल्या बिशपांना हे रुचलं नाही. त्याने मायदेशी बाईंचं वजन कमी होईल, असा त्यांचा सूर. रमाबाई भडकल्या. ज्या देशाची काळजी बिशपमहाराज वाहत होते, त्याच देशात त्यांनी भरसभेत शेकडो पुरुषांपुढे व्याख्यानं दिली होती! मनोरमेवरूनही खटके उडाले. मुलीला काय शिकवायचं ते आई ठरवणार, मठ नाही, यावर त्या अडून बसल्या.

हे सगळं चालू असताना मायलेकी सिस्टर जेराल्डीनना आजीबाई म्हणत, हे विसरून चालणार नाही. आजीबाई रागावल्या, दुखावल्या, पण ही भांडणाची पत्रं त्यांनीच जपली आणि १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. स्वतःला न शोभणारी पत्रंही त्यांनी फाडली नाहीत, याबद्दल मला या बाईंचं कौतुक वाटतं.

मिशनच्या ट्रेनिंगचा हेतू सरळ होता. शिकायचं, परत जायचं आणि मिशनच्या हाताखाली काम करायचं. रमाबाई १८८६ मध्ये त्या रांगेतून बाहेर पडल्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं अमेरिकेत राहून बालवाडीची पद्धत शिकल्या. पुस्तक लिहिलं, भाषणं केली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झालेल्या गोदूबाई याच शाळेच्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराचा आरोप झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, मी लांबवत नाही.

मग केडगाव. आपल्या नगरजवळचं नव्हे हं, दौंड तालुक्यातलं! १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, १९०० च्या छप्पनिया दुष्काळात गुजरातेतून. माणसं वाढत वाढत दोन हजारांच्या आसपास पोचली. प्रार्थना आणि वर्ग होतेच, पण त्याबरोबर तेलाचा घाणा, हातमाग, शेती, दूधदुभतं, छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलसुद्धा. आपलं वर्कशॉप यापुढे फारच लहान वाटतं. विलायतेत मनोरमेच्या शिक्षणावरून भांडणं झाली, तीच मनोरमा शिकून आईचा उजवा हात झाली.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं त्यांना पंडिती वाटत, खेड्यातल्या बाईला ती कळत नसत. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांना लहानपणी पाटी दिसली नव्हती, अशा मुली खिळे जुळवायला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. बाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी उरलेली छपाई चालू ठेवली आणि १९२४ मध्ये पुस्तक बाहेर आलं.