रामकृष्ण गोपाळ भांडारकर

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर (६ जुलै, १८३७ – २४ ऑगस्ट, १९२५) हे प्राच्यविद्यापंडित, संस्कृतचे प्राध्यापक आणि समाजसुधारक होते. त्यांचा जन्म मालवण येथे झाला. मालवण त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला.

शिक्षण

भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. १८४७ मध्ये त्यांची बदली जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरीस झाली आणि तेथील सरकारी शाळेत मुलाच्या इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. किनाऱ्यावरच्या गावांतील बहुतेक मुलांना ती संधी मिळत नसे. पुढील शिक्षणासाठी मुंबईखेरीज पर्याय नव्हता. १८५३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. तेव्हा मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायचे होते. तेथे दादाभाई नौरोजी गणित शिकवीत आणि भांडारकरांचा ओढाही याच विषयाकडे होता.

संस्कृतकडे ते शिष्यवृत्तीच्या वाटेने वळले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीचा काही भाग इंग्रज सरकारने शिक्षणाकडे वळवला होता. त्यातून मिळणाऱ्या दक्षिणा फेलोशिपमुळे होतकरू विद्यार्थ्यांना उदरनिर्वाहाची चिंता न करता अभ्यास करता येई. भांडारकर असे फेलो असताना शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी फेलोंना संस्कृत शिकण्याचा सल्ला दिला. भांडारकरांनी तो मानला आणि पुण्यात शास्त्रीमंडळींकडे व्याकरणादी शास्त्रांचे अध्ययन केले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्यासह त्यांचा समावेश होता.

अध्यापन

सिंधमधील हैदराबाद येथे मुख्याध्यापकी केल्यावर ते त्याच पदावर रत्नागिरीच्या शाळेत आले. शाळकरी मुलांना संस्कृत क्रमाक्रमाने शिकता यावे म्हणून त्यांनी ‘मार्गोपदेशिका’ व ‘संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका’ ही पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांचे संशोधन मुख्यतः अभ्यासकांपुरते राहिले. ही पुस्तके मात्र अनेक पिढ्यांच्या दप्तरांत होती. पुढे ते एल्फिन्स्टन व डेक्कन महाविद्यालयांत प्राध्यापक आणि १८९३ ते १८९५ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

१८८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कुलाच्या (हुजूरपागा) संस्थापकांत रानडे व मोडक यांच्याबरोबर तेही होते. १८९१ मध्ये त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह लावून दिला. त्यांच्या नावाची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै, १९१७ रोजी पुण्यात स्थापन झाली.