संत गाडगे महाराज : निग्रहाचे बळ आणि निग्रहाची किंमत

देवळाचे काम गावाने हाती घेतले, दात्यांनी सढळ हाताने साहाय्य केले आणि ते तडीस गेले, अशा शुभप्रसंगी संत गाडगे महाराजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नदीचे घाट, धर्मशाळा, सदावर्ते, गोरक्षण यांसाठी लोकवर्गणीतून लाखो रुपये उभे करणारा हा पुरुष स्वतः मात्र अखेरपर्यंत चिंध्या पांघरून राहिला. हे ज्या गुणामुळे घडले तो गुण म्हणजे त्यांचा कठोर निग्रह. या निग्रहाने समाजाचे अपार कल्याण झाले. त्याची झळही कोणाला तरी सोसावी लागली. महाराजांचे चरित्र वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव देबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. वडील दारूच्या आहारी गेले, घरदार गेले, आणि देबूजी लहान असतानाच त्यांचा अंत झाला. पोरका मुलगा आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी आला. गुरे राखणे, नांगर धरणे, रानात राबणे यातच त्याचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

पुढे मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा मात्र तरुण देबूजी जागचा हलला नाही. सावकारापुढे मान खाली घालण्याचा तो काळ. अशा वेळी एका निरक्षर पोराने पाय रोवून उभे राहावे, ही साधी गोष्ट नव्हती. या प्रसंगात त्याचा हट्ट घराच्या कामी आला.

हाच हट्ट जातगंगेपुढेही टिकला. १८९२ साली कुंताबाईंशी देबूजीचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू हवी होती. दारूने बापाचा घास घेतलेला त्याने पाहिला होता. त्याने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण देबूजी बधला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यातच भिक्षा घ्यायची, त्यातच खायचे आणि त्यातूनच पाणी प्यायचे. लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जावे तेथे आधी खराटा घेऊन रस्ते झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा क्रम सुरू झाला. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत आणि कर्ज, दारू, पशुहत्या, शिवाशीव यांचा खोटेपणा त्यांना पटवून देत. पंढरीच्या वारीला ते जात, पण दर्शनाच्या रांगेत न शिरता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारीत. या फटकळपणाने काही माणसे दुखावली आणि दूरही गेली. पण त्यामुळेच त्यांच्याभोवती बुवाबाजी कधी माजली नाही.

निग्रहाचे खरे मोल पैशाच्या व्यवहारात दिसून आले. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे घाट बांधला गेला. पंढरपुरास १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे नाशिक, आळंदी, देहू येथेही यात्रेकरूंची सोय झाली. मुंबईत रुग्णांच्या नातलगांना निवारा मिळाला. एवढा पैसा आला, पण बाबांनी त्यातला एक पैसाही स्वतःसाठी वापरला नाही. संस्थांचा कारभार विश्वस्तांवर सोपविला आणि आपल्या नातेवाइकांना त्यापासून कटाक्षाने दूर ठेवले. १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. उभारलेली वास्तू सहज दुसऱ्याच्या हाती देणे हे निर्मोही माणसालाच साधते. दिलेला पैसा दिलेल्या कामीच लागणार, याची दात्याला खात्री असे. म्हणूनच गरिबाचा आणा आणि श्रीमंताची थैली दोन्ही त्यांच्यापर्यंत पोहोचत.

पण जो बांध बाबांनी पैशाभोवती घातला, तोच घराभोवतीही पडला. ते घराबाहेर पडले तेव्हा कुंताबाई तरुण होत्या आणि मुले लहान होती. संसाराचा सगळा भार त्या माउलीवर आला. नवऱ्याच्या शब्दाखातर लोक मोठमोठ्या इमारती उभारीत होते, तिच्या वाट्याला मात्र गरिबीच आली. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे असताना बाबांना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ऐकणारे त्या धैर्याने थक्क झाले. लोकांनी या प्रसंगाचा गौरव केला आणि तो योग्यच आहे. पण त्याच वेळी पोटचा मुलगा गमावलेली आई ते दुःख नवऱ्यावाचून सोशीत होती, हेही विसरता येत नाही. बाबांच्या महान कार्यातला तिचा वाटा कोणत्याही कोनशिलेवर कोरलेला नाही.

स्वतःच्या देहाशीही बाबा असेच कठोर वागले. उतारवयात प्रकृती ढासळली तरी त्यांनी विश्रांती मानली नाही. १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. त्यानंतरही त्यांची पायपीट चालूच राहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला. आपली समाधी वा मूर्ती उभारू नये अशी त्यांची इच्छा होती. एवढे एकच त्यांचे लोकांनी ऐकले नाही, आणि अमरावतीला त्यांची समाधी झाली. पुढे महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

मनुष्याचा स्वभाव हा पाण्याच्या पाटासारखा असतो. जिकडे वळवावा तिकडे मळा फुलतो आणि त्याच वेळी दुसरे वाफे कोरडे राहतात. बाबांनी आपला पाट सगळा लोकांकडे वळविला. ते थोर होते म्हणून त्याची किंमत त्यांनी जाणून दिली. सामान्य संसारी माणसाने मात्र त्यांच्यापासून निग्रह घ्यावा आणि कुंताबाईंची आठवण ठेवून तो वापरावा. सार्वजनिक पैशाच्या हिशोबात आणि व्यसनाच्या बाबतीत कठोर राहावे, घरच्या माणसांशी मात्र मऊ व्हावे.

नव्या गाभाऱ्यापुढे हात जोडताना हा विचार मनात राहावा. ज्याच्या घामाने भिंत उभी राहिली त्याच्या घरातल्या माउलीचाही त्या पुण्यात वाटा आहे. मंदिराचा हिशोब चोख राहावा, येणाऱ्याची जात विचारली जाऊ नये आणि देवळापुढचे अंगण रोज झाडले जावे. बाबांना याहून वेगळी पूजा मानवली नसती.