संत जोसेफ कॅलासांझ : गोरगरिबांच्या मुलांचे गुरुजी

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवाच्या या शुभ प्रसंगीं एका शिक्षकाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. देवळाच्या सावलींत शाळा असणें हें आज आपल्या इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, गरिबाच्या मुलास विद्या मिळणें हा त्याचा हक्क आहे, ही गोष्ट एके काळीं जगास शिकवावी लागली याचें स्मरणही आपणांस होत नाहीं. ज्यांनीं ती शिकविली त्यांत संत जोसेफ कॅलासांझ हे अग्रणी होत.

स्पेन देशाच्या आरागोन प्रांतांत, पेराल्ता दे ला साल नामक गांवीं, १५५७ सालीं त्यांचा जन्म झाला. कायदा व धर्मशास्त्र यांचें उच्च शिक्षण घेऊन १५८३ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली, आणि उर्जेल धर्मप्रांतांत जबाबदारीचीं कामें केलीं. १५९२ सालीं ते रोम शहरीं आले ते एखादें मानाचें पद मिळवून मायदेशीं परतावें या हेतूनें. आम्ही हें लपवीत नाहीं. संतांच्याही मनांत प्रारंभीं आपल्यासारख्याच आकांक्षा असतात.

परंतु परमेश्वराची योजना निराळी होती. गोरगरिबांच्या घरीं मदत पोंचविणाऱ्या एका भक्तमंडळांत ते सामील झाले, आणि त्या निमित्तानें रोमच्या गल्लीबोळांतून हिंडतां हिंडतां उनाड भटकणारीं, शिवीगाळ व चोरी यांतच वाढणारीं मुलें त्यांच्या दृष्टीस पडलीं. त्यांनीं नगराच्या पगारी शिक्षकांस विनविलें. धर्मसंघांचे दरवाजे ठोठावले. प्रत्येकापाशीं कांहीं ना कांहीं अडचण होती. तेव्हां हें काम आपणच करावयाचें, असा निश्चय त्यांनीं केला. १५९७ सालीं, टायबर नदीपलीकडील त्रास्तेव्हेरे भागांतील संत दोरोथेच्या देवळाच्या धर्मगुरूंनीं दिलेल्या खोल्यांत त्यांची शाळा सुरू झाली. तेथें पूर्वीं मुलांकडून थोडी फी घेतली जात असे. ती त्यांनीं बंद केली. युरोप खंडांतील सर्वांस खुली अशी पहिली मोफत शाळा म्हणून इतिहासकार तिचा उल्लेख करितात.

त्या शाळेचा क्रम पाहण्यासारखा आहे. वाचन, सुवाच्य लेखन व हिशेब हे विषय प्रथम. कारण गरिबाच्या मुलास लवकरच पोटापाण्यास लागावयाचें असे. ज्यांस पुढें शिकावयाचें असेल त्यांस लॅटिनचे वर्गही मोकळे होते. कालांतरानें श्रीमंतांचीं मुलेंही येऊं लागलीं, तीं गरिबांच्या शेजारींच बसलीं. यहुदी मुलांसही त्यांनीं शाळेंत घेतलें. आणि ज्या रोम शहरांत यहुद्यांस भिंतीआड वेगळी वस्ती करून राहावें लागे, तेथें ही लहान गोष्ट नव्हती. शाळा सुटली म्हणजे शिक्षक मुलांच्या रांगा करून त्यांस घरापर्यंत पोंचवीत असत.

या कार्यास विरोधही झाला. गरिबांचीं मुलें शिकलीं तर कष्टाचीं कामें कोण करणार, असें म्हणणारे प्रतिष्ठित लोक त्या काळींही होते. त्यांस उत्तर देण्यासाठीं प्रसिद्ध तत्त्वज्ञ तोम्माझो कांपानेल्ला यांनीं या शाळांच्या समर्थनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १६१७ सालीं कॅलासांझ यांच्या सहकाऱ्यांस पोपमहाशयांची मान्यता मिळाली, व १६२१ सालीं त्यांचा रीतसर धर्मसंघ झाला.

येथवरची कथा गोड आहे. पुढील भाग सांगण्यास जड जातो, तरी तो सांगितला पाहिजे. संघांतील एका वजनदार घराण्याच्या धर्मगुरूविरुद्ध मुलांशीं दुर्वर्तन केल्याच्या तक्रारी आल्या. कॅलासांझ यांनीं त्यास शाळेपासून दूर केलें. पण गवगवा होऊं नये म्हणून त्यास वरचें पद देऊन प्रकरण झांकलें. जुन्या पत्रांवरून संशोधकांनीं हें उघड केलें आहे. मुलांच्या हक्कासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या पुरुषाकडून मुलांवरच अन्याय झाला, हें आम्ही खेदानें लिहितों. संतपण म्हणजे निर्दोषपण नव्हे. आणि संस्थेच्या अब्रूपेक्षां लेकराची सुरक्षितता मोठी, हा धडा आम्हां धर्मगुरूंस त्यांच्या चुकीनेंच शिकविला आहे.

पुढें तोच मनुष्य संघाचा प्रमुख झाला. त्यापूर्वींच, १६४२ सालीं, संघांतीलच दुसऱ्या एकाच्या चिथावणीवरून वृद्ध कॅलासांझ यांस अटक करून भर रस्त्यांतून धर्मन्यायालयापुढें नेण्यांत आलें. नंतर त्यांचें पदही गेलें. १६४६ सालीं पोप दहावे इनोसंट यांनीं संघाचा दर्जा काढून घेतला. डोळ्यांदेखत आयुष्यभराचें काम मोडलें असतांही त्यांनीं धर्मसभेची आज्ञा मानली, आणि शाळा चालू ठेवण्याविषयीं सहकाऱ्यांस आग्रह केला. २५ ऑगस्ट १६४८ रोजीं, नव्वदीच्या घरांत, रोम येथें ते प्रभुवासी झाले.

बीज मात्र मेलें नव्हतें. १६६९ सालीं संघ पूर्ववत् झाला. १७६७ सालीं कॅलासांझ यांस संतपद मिळालें. आणि १९४८ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

प्रिय वाचकहो, समता आणि न्याय हे विषय लहान मुलास व्याख्यानानें कळत नाहींत. वर्गांत आपण कोणाच्या शेजारीं बसतों, फी न भरलेल्याचें नांव सर्वांसमक्ष पुकारलें जातें कीं नाहीं, आणि आपल्यावर अन्याय झाला तर ऐकून घेणारें कोणी आहे कीं नाहीं, यावरून तें मूल न्याय शिकतें. ज्युबिलीच्या दिवशीं देवळावर रोषणाई अवश्य करावी. परंतु आपल्या शाळेंतील शेवटच्या बाकावर कोण बसलें आहे, आणि तें तेथें कां बसलें आहे, हें एकदां आपण सर्वांनीं जाऊन पाहावें, अशी आमची नम्र विनंती आहे.