प्लेटलेट्स चढवूनही आकडा वाढेना, तेव्हा...

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला प्लेटलेट्स चढवल्या जातात. तासाभराने तपासणी करावी, तर आकडा होता तिथेच. दुसरी पिशवी, तिसरी पिशवी, तरी तेच. आणि रक्तस्रावाची भीती कायम. रक्तगट जुळूनही असे का घडते, या प्रश्नाच्या मुळाशी पोहोचले ते फ्रेंच डॉक्टर ज्याँ दोसे.

दोसे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१६ रोजी तुलूझ येथे झाला. वडील डॉक्टर होते. त्यांनी वैद्यकीय शिक्षण पॅरिसमध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांना रक्त देण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तोच त्यांचा आयुष्यभराचा विषय ठरला. युद्धानंतर ते पॅरिसच्या सेंट-आंत्वान रुग्णालयातील रक्तसंक्रमण केंद्रात रुजू झाले. ‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते, ही समजूत नेहमीच सुरक्षित नसते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. काही ‘ओ’ गटाच्या दात्यांच्या रक्तात ‘ए’ गटाविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे असतात.

१९५२ मध्ये त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. अनेकदा रक्त घेतलेल्या एका रुग्णाच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होत. मात्र रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना काहीच होत नसे. म्हणजे प्रतिपिंडे तयार झाली होती ती दात्यांच्या पेशींविरुद्ध. एकसारख्या जुळ्यांच्या पेशी तपासल्या, तर दोघांचा निकाल सारखाच. यावरून हा गुण आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले. १९५८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पेशींवरील अशा पहिल्या खुणेचे वर्णन केले. तिला ‘मॅक’ हे नाव दिले ते तीन स्वयंसेवकांच्या नावांतील आद्याक्षरांवरून. आज ती ‘एचएलए-ए२’ म्हणून ओळखली जाते.

पुढे स्वयंसेवकांवर त्वचारोपणाचे प्रयोग करून, या खुणा जुळल्या तर रोपण अधिक काळ टिकते, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. अवयवरोपणाला त्यातून दिशा मिळाली. १९८० मध्ये त्यांना बारुख बेनासेराफ आणि जॉर्ज स्नेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

याच खुणा प्लेटलेट्सवरही असतात. वारंवार रक्त घेतल्याने किंवा गरोदरपणात शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. मग दात्याच्या प्लेटलेट्स शरीरात जाताच नष्ट होतात. एचएलए जुळणारा दाता निवडल्यास अशा रुग्णांचा आकडा वाढू शकतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. इतरांत ती फारच कमी. त्यातच प्लेटलेट्स साधारण पाच ते सात दिवसच टिकतात. म्हणून एचएलए तपासणी आधीच झालेल्या दात्यांची यादी हाताशी असावी लागते आणि गरज पडताच त्यातील दात्याला बोलवावे लागते.

अर्थात, आकडा न वाढण्यामागे प्रत्येक वेळी प्रतिपिंडेच नसतात. ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली प्लीहा हीही कारणे असतात. त्यामुळे आणखी पिशव्यांसाठी धावाधाव करण्याआधी कारण तपासणे महत्त्वाचे. पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्त दिल्यास प्रतिपिंडे तयार होण्याचा धोकाही घटतो.

६ जून २००९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, स्पेनमधील माजोर्का बेटावर दोसे यांचे निधन झाले. पण रुग्णाचे शरीर दात्याच्या पेशी नाकारते तेव्हा योग्य दाता शोधण्याची वाट आजही त्यांच्याच शोधातून जाते.